घुंगरू काही काळ बाजूला ठेवावे लागतात तेव्हा : व्यावसायिक नर्तकांसाठी मनाच्या काळजीचे टप्पे

वयाच्या चौतिसाव्या वर्षी माझ्या उजव्या नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला. कारण साधे होते : लादीवर तासन्‌तास केलेला तत्कार (कथकमधला पायांनी बोल काढण्याचा सराव), लागोपाठ घेतलेले चार कार्यक्रम आणि दोन महिने अंगावर काढलेली वेदना. हाड आठ आठवड्यांत जुळले. मात्र त्या काळात उडालेली झोप, विद्यार्थिनींना नाचताना पाहून होणारी चिडचिड आणि ‘आता आपले काय उरले’ हा पाठ न सोडणारा प्रश्न यांतून बाहेर यायला जवळजवळ दीड वर्ष लागले. असे होत असते आणि त्यावर उपाय असतो, हे मला कोणी सांगितलेच नव्हते, त्यामुळे त्यातले निम्मे दिवस तर नुसतेच वाया गेले. अस्थिरोगतज्ज्ञांनी पायाची काळजी कशी घ्यावी हे सांगितले, गुरूंनी धीर दिला, घरच्यांनी ताट हातात आणून दिले. मनासाठी काय करायचे, हे लिहिलेला कागद मात्र कोणाजवळच नव्हता.

तो कागद आता मी लिहिते आहे. कथक हे माझे क्षेत्र असल्यामुळे बहुतेक उदाहरणे कथकमधली आहेत, परंतु भरतनाट्यम करणारे, लावणीच्या पार्टीत किंवा तमाशाच्या फडात काम करणारे आणि चित्रपटांच्या समूहनृत्यांत नाचणारे कलावंतही थोड्याफार फरकाने याच वळणांवरून जातात. पुढील टप्पे शक्यतो क्रमाने वाचावेत. ज्यांची दुखापत ताजी आहे त्यांनी सुरुवात दुसऱ्या टप्प्यापासून करावी, आणि ज्यांच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येत आहेत त्यांनी सगळे बाजूला ठेवून आधी पाचवा टप्पा वाचावा.

पहिला टप्पा : बदल कोणता आहे, ते लिहून काढा

आपल्या आयुष्यात येणारे बदल एका जातीचे नसतात आणि त्यांच्यावर एकच औषध चालत नाही. काही बदल क्षणात होतात, जसे गुडघ्याचा अस्थिबंध तुटणे. काही आपण स्वतः निवडतो, जसे मूल होऊ देणे किंवा लग्नानंतर दुसऱ्या शहरात जाणे. काही इतक्या सावकाश येतात की ते आल्याचे वर्षांनंतर लक्षात येते. चाळिशीनंतर नाचातल्या चक्करांचा (गिरक्यांचा) वेग कमी होणे हा त्यांतलाच एक. आणि काही बदल बाहेरून लादले जातात. करोनामुळे मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातली नाट्यगृहे बंद झाली, नोव्हेंबर २०२० मध्ये निम्म्या क्षमतेने उघडली, पुढच्या वर्षी पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा सुरू झाली. या काळात तमाशाच्या फडांचा दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत चालणारा हंगाम बुडाला आणि नारायणगावच्या राहुट्यांतून गुढीपाडव्याच्या सुमारास ठरणाऱ्या सुपाऱ्याही (कार्यक्रमांचे करारही) बुडाल्या. त्या वेळी हजारो कलावंतांना जे वाटले ते त्यांच्या मनाच्या दुबळेपणामुळे वाटले नव्हते. परिस्थितीच तशी होती, आणि हा भेद स्वतःशी स्पष्ट करणे हे उपचाराचे पहिले काम आहे.

एक वही घ्या आणि तिची तीन पाने करा. पहिल्या पानावर शरीरात नेमके काय बदलले आहे ते लिहा, दुसऱ्यावर उत्पन्नात काय बदलले ते, आणि तिसऱ्यावर माणसांमध्ये काय बदलले ते. म्हणजे रोज भेटणारे कोण भेटेनासे झाले, कोणाचे फोन थांबले, कोणासमोर जायला संकोच वाटतो. माझ्या अनुभवात तिसरे पान सर्वांत जास्त भरते. नाच थांबला की दिवसातले चार-पाच तासांचे सहवासही थांबतात, तबलावादकाशी होणारी थट्टा थांबते, क्लासबाहेरचा चहा थांबतो, आणि आपण समजतो की आपल्याला फक्त नाच आठवतो आहे. ज्या गोष्टी नाचाशिवायही परत मिळवता येतील, त्यांच्याखाली त्याच पानावर रेघ ओढा. त्या वाटतात त्यापेक्षा पुष्कळ असतात.

दुसरा टप्पा : पहिले पंधरा दिवस

दुखापत झाल्यावर किंवा मोठी संधी हातची गेल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत आयुष्याचा कोणताही निर्णय घेऊ नये. ‘आता नाच सोडला’ असे समाजमाध्यमांवर जाहीर करू नये, क्लास बंद करू नये, घुंगरू कोणाला देऊन टाकू नयेत. तसेच ‘तीन आठवड्यांत उभी राहते’ असा शब्दही आयोजकांना देऊ नये. दोन्ही वाक्ये एकाच घाईतून येतात आणि दोन्ही नंतर महागात पडतात.

या दिवसांत करायची कामे मोजकी आहेत. डॉक्टरांकडे जाताना एक माणूस सोबत न्या, कारण भेदरलेल्या मनाला ऐकलेले निम्मे आठवत नाही. त्यांना चार प्रश्न विचारा आणि उत्तरे लिहून घ्या : नेमके काय झाले आहे, किती आठवडे काय करायचे नाही, त्या काळात काय करता येईल, आणि पुढची तपासणी केव्हा. तिसरा प्रश्न विसरू नका. ‘विश्रांती घ्या’ एवढेच उत्तर मिळाले, तर बसून हातांच्या हालचाली चालतील का, दुसऱ्या पायावर किती वेळ उभे राहता येईल, पाण्यात व्यायाम चालेल का, असे तपशिलात विचारा. शक्य असल्यास नर्तक किंवा खेळाडू यांच्यावर उपचार करण्याची सवय असलेला फिजिओथेरपिस्ट शोधा, कारण पायपीट करणाऱ्या माणसाचे बरे होणे आणि अनवाणी पायाने जमिनीवर आघात करणाऱ्या माणसाचे बरे होणे यांत बराच फरक असतो.

दुसरे काम निरोप देण्याचे. आयोजक, गुरू, साथीदार आणि विद्यार्थ्यांचे पालक या सर्वांना एकच, छोटा आणि खरा निरोप पाठवा : ‘पायाला दुखापत झाल्यामुळे डॉक्टरांनी नाच बंद ठेवण्यास सांगितले आहे. अमुक तारखेला तपासणी आहे, त्यानंतर पुढचे कळवीन.’ यापेक्षा अधिक सांगण्याचे बंधन आपल्यावर नाही. फोन घेणे जड जात असेल, तर हे काम ज्येष्ठ विद्यार्थिनीकडे किंवा घरातल्या कोणाकडे सोपवा. प्रत्येकाला तीच हकीकत पुन्हा सांगण्याने मन किती थकते, हे त्यातून गेल्याशिवाय कळत नाही.

तिसरा टप्पा : रियाजाची जागा बदला

माझ्या मते हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, म्हणून यावर थोडे अधिक लिहिते. नर्तकाचा दिवस रियाजाभोवती बांधलेला असतो. तो एकदम काढून घेतला की झोप, भूक आणि वेळेचे भान तिन्ही कोलमडतात, आणि खचलेल्या मनाला त्यानंतर आधार उरत नाही. त्यामुळे ज्या वेळेला रियाज होत असे ती वेळ सोडू नये. सकाळी साडेसहा ही वेळ असेल तर साडेसहालाच, अंघोळ करून, रियाजाचेच कपडे घालून बसावे. पाय चालणार नाहीत, एवढाच बदल.

पहिली वीस मिनिटे पढंतीला, म्हणजे नाचाचे बोल तालात तोंडाने म्हणण्याला द्या. लेहरा (तालासोबत सतत फिरत राहणारी धून) लावा आणि हाताने ताल धरा : तीनतालात पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली (टाळीऐवजी हात उघडणे). ठेका बराबरीत, मग दुगुणीत, मग चौगुणीत म्हणा आणि त्यानंतर आपल्याला येणारे तुकडे, परणी व तिहाया (बोलांच्या बांधलेल्या रचना) तोंडाने म्हणा. नाचताना पायांच्या आवाजात लपून जाणाऱ्या पढंतीतल्या चुका इथे उघड्या पडतात. पुढची वीस मिनिटे हस्तक (हातांच्या हालचाली), मान, नजर आणि भुवया यांना द्या; खुर्चीवर बसून, पाठ ताठ ठेवून. त्यानंतर एकच ठुमरी किंवा एकच ओळ घ्या आणि बसूनच तिचा भाव दाखवा. रोज एक नवा संचार (त्याच ओळीचा अर्थ दाखवण्याची वेगळी तऱ्हा) शोधा आणि तो वहीत लिहा. शेवटची दहा मिनिटे डोळे मिटून एखादी पूर्ण बंदिश आमदपासून (सुरुवातीच्या प्रवेशापासून) शेवटच्या समेपर्यंत (तालाच्या पहिल्या मात्रेपर्यंत) मनात नाचा. पाय कुठे पडतो, श्वास कुठे घ्यायचा, दिवे कुठून येतात, हे सगळे त्यात येऊ द्या. मनातल्या मनात केलेला सराव शरीराच्या सरावाची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही, पण कौशल्य टिकवायला तो मदत करतो आणि खेळाडू त्याचा पद्धतशीर उपयोग करतात.

कोणी म्हणेल की ही नुसती मनाची समजूत आहे. मला तसे वाटत नाही, कारण बसून केलेला अभिनय ही आपल्या परंपरेतली स्वतंत्र आणि मानाची गोष्ट आहे. कथकच्या लखनौ घराण्याचे शंभू महाराज भाव दाखवण्यासाठी ख्यातनाम होते आणि बसल्या जागी ठुमरीच्या एका ओळीचे अनेक अर्थ उलगडून दाखवणे हे त्या घराण्याचे वैभव मानले जाते. महाराष्ट्रात बैठकीच्या लावणीत कलावंतीण बसून, केवळ चेहरा आणि हात यांनी अदा करते, आणि जाणकार रसिक तिला उभ्याने नाचल्या जाणाऱ्या लावणीपेक्षा कमी लेखत नाहीत. ज्या शरीराला धावता येत नाही त्याच्यासाठी आपल्या पूर्वजांनी जागा राखून ठेवली आहे. दुखापतीच्या काळात त्या जागेवर बसायला शिकलेली व्यक्ती पुढे वयाच्या साठाव्या वर्षीही तिथे बसू शकते, म्हणून या आठवड्यांकडे केवळ वाट पाहण्याचे दिवस म्हणून पाहू नये.

एक सावधगिरी मात्र बाळगा. क्लासमध्ये कोपऱ्यात बसून इतरांचा नाच पाहणे काहींना बरे वाटते, तर काहींना त्याचा फार त्रास होतो. दोनदा जाऊन पाहा. दोन्ही वेळा घरी परतल्यावर रात्र वाईट गेली, तर महिनाभर जाऊ नका आणि त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका.

चौथा टप्पा : मनाची नोंद ठेवा

दर रविवारी त्याच वहीत पाच गोष्टी लिहाव्यात : आठवडाभरात साधारण किती तास झोप लागली, जेवण नीट झाले का, कोणत्या गोष्टीत रस वाटला, किती माणसांशी मोकळे बोलणे झाले आणि स्वतःबद्दल कोणते वाक्य वारंवार मनात आले. एका आठवड्याची नोंद फारसे सांगत नाही. चार आठवड्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की मन कोणत्या दिशेने चालले आहे ते दिसते.

नर्तकांच्या बाबतीत एक विशेष अडचण अशी आहे की मनाच्या आजाराची काही लक्षणे शिस्तीसारखी दिसतात. कमी खाणे, दुखत असताना वेदनाशामक गोळी घेऊन उभे राहणे, कार्यक्रम उत्तम झाल्यावरही रात्रभर एका चुकलेल्या समेवर जळत राहणे, सुटीच्या दिवशी रियाज केला नाही म्हणून अपराधी वाटणे; यांपैकी प्रत्येक गोष्टीचे क्लासमध्ये कौतुक झालेले मी पाहिले आहे, आणि शिक्षिका म्हणून सुरुवातीच्या वर्षांत मीही ते केले आहे. एखादी सवय शिस्त आहे की त्रास, हे ओळखायची साधी खूण अशी : ती एक दिवस मोडून पाहावी. शिस्त मोडल्यावर थोडी चुटपुट लागते आणि दुसऱ्या दिवशी काम सुरू होते. त्रास असेल तर भीती दाटून येते.

पाचवा टप्पा : तज्ज्ञांकडे केव्हा आणि कसे जावे

बहुतेक दिवस, दिवसाचा बराच वेळ उदास वाटणे किंवा कशातच रस न वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले आणि त्याबरोबर झोप, भूक, एकाग्रता किंवा उमेद यांतही बिघाड झाला, तर वाट पाहू नये. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरुवात केली तरी चालते. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची सोपी प्रश्नावली मागच्या दोन आठवड्यांविषयी विचारते. ती भरून नेल्यास बोलायला सुरुवात करणे सोपे जाते. तिच्यावरून स्वतःच निदान मात्र करू नये.

कोणाकडे जायचे याबद्दल गोंधळ असतो. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात आणि औषधे देऊ शकतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे आहे का, हे विचारायला संकोच करू नये. समुपदेशक ताण, नातेसंबंध आणि निर्णय यांबाबत मदत करतात. पहिल्या भेटीत ‘मी व्यवसायाने नर्तक आहे’ हे सांगणे फार आवश्यक आहे, कारण काही औषधांनी सुस्ती येते, काहींनी वजन वाढते आणि काहींनी उभे राहताना चक्कर येते. ज्याला सलग चक्कर घ्यायचे आहेत आणि पोशाखात मावायचे आहे, त्याच्यासाठी हे किरकोळ मुद्दे नाहीत. आधी कळले तर डॉक्टर औषधाची निवड किंवा वेळ बदलू शकतात. न कळल्यास रुग्ण गोळ्या परस्पर बंद करतो. उदासीनतेवरील औषधांचा गुण दिसायला साधारणपणे दोन ते चार आठवडे किंवा त्याहून अधिक वेळ लागतो आणि ती एकाएकी बंद करणे त्रासदायक ठरते, हेही लक्षात ठेवावे. रंगमंचाच्या भीतीसाठी मैत्रिणीने दिलेली हृदयाची धडधड कमी करणारी गोळी कधीही घेऊ नये. दमा असलेल्या माणसाला ती धोक्याची ठरू शकते.

खर्च परवडत नसेल किंवा गावात कोणी नसेल, तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर या क्रमांकावर आत्ताच फोन करा, घरातल्या एका माणसाला तेवढेच सांगा की ‘मला एकटे सोडू नका’, आणि जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. विद्यार्थ्याने असे काही बोलून दाखवल्यास शिक्षकाने त्याला समजावत बसू नये. त्याच्याजवळ थांबावे आणि स्वतः फोन लावून द्यावा.

सहावा टप्पा : जेवण, आरसा आणि वजनाविषयीची बोलणी

जेवढी ऊर्जा खर्च होते तेवढे अन्न पोटात गेले नाही, तर शरीर आधी पाळी, मग हाडे आणि त्याबरोबर मनही आखडते घेते. या अवस्थेला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये खेळातील सापेक्ष ऊर्जा-कमतरता असे नाव दिले, आणि ती नर्तकांनाही लागू पडते. तीन महिने पाळी आली नाही, हाडांना वारंवार तडे जात आहेत, सतत थंडी वाजते आहे, चिडचिड वाढली आहे, अशा वेळी केवळ आहाराचा सल्ला पुरत नाही; स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. पाळी गेली म्हणजे तालीम चांगली चालली आहे, हा समज मी अजूनही ऐकते. तो चुकीचा आणि घातक आहे.

आरशाबाबत एक उपाय सांगते. आठवड्यातून दोन दिवस आरशावर चादर टाकून रियाज करा. सुरुवातीला अस्वस्थ वाटते, पण काही आठवड्यांत लक्ष दिसण्यावरून लयीवर येते. आणि शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की, पोशाख बसत नसेल तर शिंप्याशी बोलावे, मुलीच्या पोटाबद्दल सर्वांसमोर बोलू नये. तेराव्या वर्षी ऐकलेले असे वाक्य पस्तिसाव्या वर्षी जसेच्या तसे सांगणाऱ्या स्त्रिया माझ्यासमोर बसून रडल्या आहेत.

सातवा टप्पा : बाळंतपण

विठाबाई नारायणगावकर प्रयोग चालू असताना बाळंत झाल्या आणि पुन्हा फडावर उभ्या राहिल्या, ही हकीकत तमाशाच्या जगात अतिशय आदराने सांगितली जाते. मलाही त्यांच्याबद्दल तितकाच आदर आहे. परंतु ही गोष्ट बाळंतिणीने काय करावे याचा दाखला म्हणून ऐकवली जाऊ लागली की माझे मन विटते. त्यांना थांबण्याची सोय नव्हती, ही त्या हकीकतीतली दुःखाची बाजू आहे आणि ती आपण सांगत नाही.

बाळंतपणानंतर उड्या, जोराचा तत्कार आणि चक्कर यांना किमान तीन महिने हात लावू नये आणि त्याआधी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची तपासणी करून घ्यावी. नाचताना लघवी थेंबथेंब जाणे हे लाजेचे कारण नाही, ती उपचाराने सुधारणारी तक्रार आहे. पहिल्या काही दिवसांत रडू येणे, मन हळवे होणे स्वाभाविक असते. ते दोन आठवड्यांनंतरही टिकले किंवा बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले, तर तो प्रसूतीनंतरचा नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. सासूबाईंना किंवा आईला हे आधीच, सातव्या-आठव्या महिन्यात समजावून ठेवावे. त्या वेळी स्वतःहून बोलण्याची ताकद नसते.

कायद्याने मिळणारी २६ आठवड्यांची पगारी रजा ही नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी आहे. कार्यक्रमांवर जगणाऱ्या नर्तिकेला ती मिळत नाही, म्हणून निदान सहा महिन्यांचा खर्च आणि क्लास सांभाळणारी एक ज्येष्ठ विद्यार्थिनी यांची तजवीज आधीच करावी.

आठवा टप्पा : गुरूंशी आणि आयोजकांशी बोलणे

आपल्याकडे गुरूंना ‘नाही’ म्हणण्याची भाषाच शिकवली जात नाही. तरीही आदर राखून मर्यादा सांगता येते. ‘ताई, डॉक्टरांनी सहा आठवडे मना केले आहे. त्या काळात मी पढंत करीन, मुलींचे हस्तक घेईन. नाचायला मात्र उभी राहणार नाही.’ आधी कारण, मग आपण काय करू शकतो, आणि शेवटी काय करणार नाही; हा क्रम ठेवला की वाद होत नाही. बहुतेक गुरू हे समजून घेतात. जे घेत नाहीत, त्यांच्यासमोर पुन्हा पुन्हा खुलासा करत बसण्याची गरज नाही.

छळ ही मात्र वेगळी गोष्ट आहे आणि तिला गुरुभक्तीच्या पदराखाली झाकू नये. कामाच्या ठिकाणी महिलांचा होणारा लैंगिक छळ रोखण्यासाठी २०१३ चा कायदा आहे. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणासाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. योग्य कारण असल्यास समिती ही मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. अल्पवयीन मुलामुलींच्या बाबतीत २०१२ चा पॉक्सो (लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण) कायदा लागू होतो, आणि ज्या प्रौढ माणसाला घटना माहीत आहे त्याच्यावर ती कळवण्याची कायदेशीर जबाबदारी आहे.

नववा टप्पा : पैशाचा हिशोब

मनाच्या लेखात पैसा कशाला, असे वाटेल. पण रात्री तीन वाजता जागे ठेवणारी गोष्ट पुष्कळदा भाडे हीच असते. कार्यक्रमाची सुपारी किंवा मानधन ठरवताना, कार्यक्रम आयोजकांकडून रद्द झाल्यास किती रक्कम मिळेल, हे लेखी घ्या. कार्यक्रमांचे उत्पन्न आणि क्लासचे उत्पन्न वेगळे मांडा. एक थांबले तर दुसऱ्यावर किती महिने निघतील, हा आकडा ठाऊक असला की निम्मी भीती जाते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांपर्यंतचे अपघात संरक्षण मिळते, परंतु ते मृत्यू आणि कायमचे अपंगत्व यांसाठी आहे. पाय मोडल्यामुळे बुडालेले उत्पन्न त्यात मिळत नाही, त्यासाठी वेगळी अपघात पॉलिसी पाहावी. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच तरतूद करायची आहे. आपल्या पॉलिसीत ती कोणत्या शब्दांत आहे, हे एजंटकडून वाचून घ्यावे.

दहावा टप्पा : वय आणि पुढचे काम

वयाने होणारा बदल सर्वांत सौम्य असतो आणि सर्वांत जास्त फसवतो. तो मान्य करण्यासाठी वाढदिवसाच्या आसपास दरवर्षी आपल्या प्रयोगाचे चित्रीकरण पाहावे आणि एकच प्रश्न विचारावा : यातले काय मी अजून आनंदाने करते आणि काय फक्त सिद्ध करण्यासाठी करते? दुसऱ्या प्रकारातली एक गोष्ट दरवर्षी कमी करावी आणि तिच्या जागी अभिनयाची, पढंतीची किंवा रचनेची एक गोष्ट आणावी. असे पाच-सहा वर्षे केले तर एके दिवशी कड्यावरून खाली पडल्यासारखे वाटत नाही.

चेन्नईच्या कलानिधी नारायणन यांचे उदाहरण मी विद्यार्थिनींना नेहमी सांगते. १९२८ साली जन्मलेल्या या नर्तिकेचा नाच किशोरवयातच सुटला. सुमारे तीस वर्षांनी, १९७३ मध्ये त्या परतल्या त्या अभिनय शिकवण्यासाठी, आणि पुढच्या पिढीतल्या कितीतरी नामवंत भरतनाट्यम नर्तकांनी त्यांच्याकडून अभिनयाचे धडे घेतले. १९८५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ज्या वयात आपण ‘आता संपले’ म्हणतो, त्या वयात त्यांचे खरे काम सुरू झाले.

दुसऱ्या कामाचा विचार करताना आधी महिनाभर ते करून पाहावे. शिकवणे प्रत्येकाला मानवत नाही आणि केवळ नाचता येते म्हणून शिकवता येते असेही नाही. प्रकाशयोजना, वेशभूषा, संहितालेखन, संग्रहालये आणि अभिलेखागारातील काम, नृत्योपचार असे अनेक रस्ते आहेत. संशोधन किंवा नवनिर्मितीसाठी केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या दोन वर्षांच्या फेलोशिप आहेत : २५ ते ४० वयोगटासाठी दरमहा १०,००० रुपयांची आणि त्यापुढील वयासाठी २०,००० रुपयांची. पन्नाशी ओलांडलेल्या आणि उत्पन्न कमी असलेल्या कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे. लावणी आणि तमाशातल्या ज्येष्ठ स्त्रियांचे अर्ज कागदपत्रांअभावी मागे राहतात, म्हणून त्यांच्या शिकलेल्या भाच्या-पुतण्यांनी आणि शिष्यांनी एक दुपार काढून जुन्या हँडबिलांची, छायाचित्रांची आणि दाखल्यांची फाईल करून द्यावी.

अकरावा टप्पा : परतीचा पहिला कार्यक्रम

नृत्यांगना सोनल मानसिंह यांना १९७४ मध्ये जर्मनीत मोटार अपघात झाला आणि पुढच्या वर्षी त्या पुन्हा नाचल्या. भरतनाट्यम नर्तिका सुधा चंद्रन यांनी १९८१ च्या अपघातानंतर पाय गमावला आणि जयपूर फूट हा कृत्रिम पाय लावून त्या १९८४ मध्ये मुंबईत रंगमंचावर परतल्या. या कथा सांगताना जिद्दीवर भर दिला जातो आणि मधला काळ गाळला जातो. दुसऱ्या कथेत तो काळ जवळजवळ तीन वर्षांचा आहे. तुमच्या फिजिओथेरपिस्टने नऊ महिने सांगितले असतील, तर सहाव्या महिन्यात स्वतःला या दोघींच्या मापाने मोजू नका.

परतताना आधी घुंगरू न बांधता, लाकडी किंवा गादी घातलेल्या जमिनीवर, दहा मिनिटे विलंबित तत्कार. वेदना दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकली नाही तरच पुढच्या आठवड्यात पाच मिनिटे वाढवा. घुंगरू शंभरांऐवजी पन्नासांनी सुरू करा. पहिला कार्यक्रम मोठ्या महोत्सवात नको. एखाद्या घरच्या बैठकीत किंवा क्लासच्या गुरुपौर्णिमेला, वीस मिनिटांचा, निम्मा बसून केलेल्या अभिनयाचा असावा. मला तसा एक मिळाला होता, एका मैत्रिणीच्या दिवाणखान्यात, सतरंजीवर बसलेल्या पंधरा-वीस माणसांसमोर. विंगेऐवजी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मी चार वेळा सावकाश श्वास सोडला, आणि उच्छ्वास लांब ठेवण्याचा हा उपाय आजही प्रत्येक प्रवेशापूर्वी करते. दुसरा दिवस पूर्ण मोकळा ठेवा, कारण त्या दिवशी मन बहुधा खाली येते आणि ते तसे येणार हे ठाऊक असेल तर भीती वाटत नाही. संध्याकाळी वही उघडून त्या प्रयोगातला आवडलेला एक क्षण लिहा, चुका पुढच्या रविवारच्या नोंदीसाठी ठेवा, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी पढंतीला बसा.